ताटातला फिका दाणा: बाबाबुडनगिरीची सिलेक्शन ७९५, रोपापासून कपापर्यंत

भाजलेली कॉफी गार झाली की स्टीलच्या ताटात एकेरी थरात पसरा आणि ताट खिडकीशी न्या. सगळे दाणे तपकिरी दिसतील, पण मधेच दोन-चार फिके, शेंगेच्या टरफलाच्या रंगाचे निघतील. त्यातला एक चावून बघा. कोरडा, कागदासारखा, जुन्या शेंगदाण्याच्या चवीचा लागेल. भाजणारी मंडळी याला क्वेकर म्हणतात. हा दाणा भाजताना बिघडलेला नसतो. डिसेंबरात तो फांदीवर कच्चा होता आणि कुणीतरी तो तसाच तोडला. कच्च्या फळातल्या बीमध्ये साखर पुरती भरलेली नसते, त्यामुळे कितीही आच दिली तरी तिला रंग चढत नाही. न भाजलेल्या बियांच्या ढिगात तो सहज ओळखूही येत नाही. ओळख पटते ती ताटात, आणि ताटात दिसला नाही तर कपात.

मी मूळची कोल्हापूरची. गेली नऊ वर्षं चिकमगळूरजवळ बाबाबुडनगिरीच्या उतारावर, साधारण १,३०० मीटर उंचीवर, एका लहान मळ्याचं काम बघते. इथे सिलेक्शन ७९५ ही कॉफीची जात लावलेली आहे. गावाकडचे पाहुणे आले की प्रश्न ठरलेले असतात: आपल्याकडे ही झाडं येतील का, घरी भाजता येईल का, करायची कशात. त्या सगळ्यांची उत्तरं इथे लिहिते. तोडणी आणि वाळवणीवर जरा जास्त बोलणार आहे, कारण मी सर्वांत जास्त माल तिथेच बिघडताना पाहिला आहे.

हीच जात का

या डोंगरात कॉफी आली ती सतराव्या शतकात, सूफी संत बाबा बुडन यांनी येमेनहून आणलेल्या सात बियांतून, अशी इथली परंपरा सांगते. पुढे तांबेरा या पानांवरच्या रोगाने जुन्या अरेबिका कॉफीचे मळे उजाड केले. शेजारच्या श्रीलंकेत १८६९ नंतर याच रोगाने कॉफी जवळजवळ संपवली आणि तिथे चहा आला. बाळेहोन्नूरला १९२५ साली कॉफीचं संशोधन केंद्र उभं राहिलं, ते या रोगावर तोडगा काढण्यासाठी. तिथेच १९४०च्या दशकात सिलेक्शन ७९५ तयार झाली. तिची एक बाजू केंट, म्हणजे म्हैसूर भागातच निवडलेली चवीला चांगली अरेबिका. दुसरी बाजू एस. २८८, जिच्यात अरेबिका आणि लायबेरिका या कॉफीच्या दोन प्रजातींचा नैसर्गिक संकर आहे. प्रतिकारशक्ती लायबेरिकाकडून आली, चव केंटकडून.

तांबेऱ्याच्या नव्या प्रकारांनी आता ही ढाल बरीच भेदली आहे, त्यामुळे फवारणी टळत नाही. तरीही मी नवी लागवड याच जातीची करते. झाड उंच, पसरट आणि दणकट असतं, चुका सहन करतं, आणि सावलीत सावकाश पिकलेल्या फळाची कॉफी गुळाची आठवण करून देणारी गोड, अंगाने भरलेली आणि हलक्या आंबटपणाची होते. पनामाच्या गेशा या नावाजलेल्या कॉफीसारखा फुलांचा घमघमाट हिच्यात शोधू नका.

तर, आपल्याकडे येईल का? या जातीला १,००० ते १,५०० मीटर उंची, १,५०० ते २,५०० मि.मी. पाऊस, निचऱ्याची आणि थोडी आम्ल माती, सामू साधारण ६ ते ६.५, आणि मार्च-एप्रिलमध्ये एक-दोन वळवाच्या सरी लागतात. महाबळेश्वरला उंची आहे, पण पाऊस ५,००० मि.मी.च्या पुढे जातो. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत, आणि महाराष्ट्रात या पिकाला खरी जागा कुठे असेल तर ती तिथल्या सावलीत. पुण्याच्या गॅलरीत मोठ्या कुंडीत, दुपारचं ऊन टाळून, एखादं झाड हौसेने वाढतं. फुलतंही. फुलांचा वास मोगऱ्याच्या जवळ जातो, तेवढ्यासाठीसुद्धा लावायला हरकत नाही.

रोप

बी निवडलेल्या निरोगी झाडांच्या पूर्ण पिकलेल्या फळांचंच घ्या. साल काढा, राखेत घोळवा आणि सावलीत पसरून वाळवा. हे बी फार दिवस ठेवता येत नाही, उगवणक्षमता झपाट्याने घटते. डिसेंबर-जानेवारीत गादीवाफ्यावर बियांची सपाट बाजू खाली करून पेरा, वर मातीचा पातळ थर आणि त्यावर भाताच्या पेंढ्याचं आच्छादन द्या. दीड-दोन महिन्यांत कोंब सरळ उभा राहतो आणि बी त्याच्या डोक्यावर टोपीसारखं बसतं. इथे या अवस्थेला टोपीच म्हणतात. याच वेळी रोप पिशवीत हलवायचं. सोटमूळ वाकडं बसलं तर झाड आयुष्यभर कुचंबतं, म्हणून वाकड्या मुळाचं रोप दया न दाखवता बाजूला काढा. पिशवीत जंगलातली माती ६ भाग, शेणखत २ भाग आणि वाळू १ भाग.

खड्डे दीड फूट लांब, रुंद आणि खोल. अंतर ६ ते ७ फूट. लावणी जूनमध्ये, पावसाने जमीन भिजल्यावर. पहिल्या उन्हाळ्यात बुंध्याशी पालापाचोळ्याचं जाड आच्छादन ठेवलं तर रोपं तगतात.

सावली दोन मजल्यांची हवी. खाली पांगारा, जो लवकर वाढतो, नत्र देतो आणि पावसाळ्याआधी छाटता येतो. वर उंबर, फणस, शिसव अशी मोठी झाडं. सिल्व्हर ओकवर मिरीचा वेल चढवतात आणि त्याचं उत्पन्न चांगलं येतं, पण नुसत्या सिल्व्हर ओकच्या सावलीवर मी भरवसा ठेवत नाही. ती सावली विरळ असते, आणि विरळ सावलीत खोडकिडा येतो.

खोडकिडा हा अरेबिकाचा सर्वांत मोठा शत्रू. भुंगा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात बाहेर पडतो आणि खोडाच्या सालीच्या भेगांत अंडी घालतो, तेही ज्या खोडावर ऊन पडतं त्यावर. अळी आत बोगदे करते. वरून पानं पिवळी पडतात, खोडावर बोटाला लागतील असे उंचवटे दिसतात. असं झाड वाचत नाही. ते मुळासकट उपटून जाळावं लागतं. माझ्याकडे दुसऱ्याच वर्षी एका कोपऱ्यातली मोठी सावली वादळात पडली. नवी लावायला मी वर्षभर उशीर केला, आणि त्या कोपऱ्यातली चाळीसेक झाडं गेली. आता भुंग्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी काथ्याच्या हातमोज्यांनी खोड आणि जाड फांद्या घासून सुटी साल काढतो आणि वर चुन्याच्या पाण्याचा हात देतो.

तांबेऱ्यासाठी ०.५ टक्के बोर्डो मिश्रण: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, २०० लिटर पाणी. एकदा पावसाच्या तोंडावर, एकदा पाऊस ओसरल्यावर, आणि पानाच्या खालच्या बाजूला बसेल असं. तांबेऱ्याची नारिंगी भुकटी तिथेच असते.

छाटणीचं थोडक्यात: झाड अडीच फुटांवर शेंडा मारून रोखा, फांद्यांचा घेर तयार झाला की पुढचा टप्पा पाच फुटांवर. बुंध्यातून सरळ वर जाणारे वांझ फुटवे दिसतील तेव्हा हाताने काढा.

फूल ते फळ

मार्च-एप्रिलमध्ये इंचभर पाऊस झाला की कळ्या जाग्या होतात आणि आठ-दहा दिवसांनी सगळा डोंगर एका सकाळी पांढरा होतो. फुलं तीन-चार दिवस टिकतात. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत दुसरी सर हवी, नाहीतर फळधारणा गळते. ज्यांच्याकडे तळं आहे ते तुषार संच लावून पहिला पाऊस स्वतः देतात, त्यामुळे सगळी फुलं एकदम येतात आणि फळंही बरीचशी एकदम पिकतात. ज्यांच्याकडे नाही, त्यांच्या एकाच फांदीवर डिसेंबरात हिरवी, पिवळसर आणि लाल अशी तिन्ही फळं असतात.

तोडणी

फळ गडद लाल झालं की दोन बोटांत दाबून बघा. साल हलकेच फाटून बी सुळकन बाहेर आली आणि बोटं चिकट झाली, तर ते पिकलं. बी आतच अडली किंवा रस पाणचट निघाला, तर आठवडाभर थांबा. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजणारं उपकरण, असेल तर रस २० ब्रिक्सच्या (साखरेचं मोजमाप) आसपास हवा, पण रोजच्या कामात बोटं पुरतात. फळ ओढायचं नाही, चिमटीत धरून किंचित पिळायचं. फांदीवरून मूठ फिरवून ओरबाडलं की हिरवी फळंही येतात, पानं जातात आणि कोवळे डोळे मोडतात.

एकाच झाडापाशी तीन-चार वेळा यावं लागतं. पहिली फेरी थोड्याशा आगाप फळांची, मग एक-दोन मुख्य फेऱ्या, शेवटी उरलेलं सगळं उतरवणं. उत्तम माल मधल्या फेऱ्यांचा. मजुरी फक्त किलोवर दिली तर हिरवी फळं येणारच, कारण ज्याला किलोवर पोट भरायचं आहे तो हात थांबवणार कसा? आम्ही मधल्या फेऱ्यांना दिवसाची मजुरी देतो आणि वर स्वच्छ टोपलीचे वेगळे पैसे. संध्याकाळी टोपल्या ताडपत्रीवर ओतून सगळ्यांनी मिळून हिरवी निवडायची. ज्या वर्षी हे सुरू केलं, त्या वर्षीपासून ताटातले फिके दाणे डोळ्यांना जाणवतील इतके कमी झाले.

गळून पडलेली आणि झाडावर राहिलेली फळंही शेवटी वेचून घ्या. त्यांच्यातच फळ पोखरणारा भुंगेरा पुढच्या हंगामापर्यंत तग धरतो.

धुणं आणि वाळवणं

त्याच दिवशी फळं पाण्याच्या हौदात टाका. तरंगणारी पोकळ, किडकी, अर्धवट भरलेली, ती वेगळी काढा. मग पल्परमधून साल काढा. बियांवर बुळबुळीत गर राहतो. तो सिमेंटच्या टाकीत, झाकून, पाण्याशिवाय आंबवायचा. गिरीवर डिसेंबरच्या थंडीत २४ ते ३६ तास लागतात. घड्याळावर विसंबू नका. मूठभर बिया पाण्यात चोळा. गुळगुळीतपणा जाऊन वाळूच्या खड्यांसारख्या खरखर वाजल्या की झालं. ढिगात काठी खुपसून काढली आणि भोक तसंच राहिलं, तरी झालं. दोन-तीन तास जास्त झाले की आंबूस, कुजकट वास धरतो आणि तो कपापर्यंत येतो. लगेच दोन-तीन पाण्यांनी धुवा. धुण्याचं पाणी ओढ्यात सोडू नका, ते मासे मारतं. शोषखड्डा करा.

बियांवर आता फक्त कडक टरफल आहे, त्याला पार्चमेंट म्हणतात. ते जमिनीपासून उंच जाळीच्या बाकांवर वाळवा. पहिल्या दिवशी थर बोटाच्या दोन पेरांएवढाच, आणि दर तासाला हात फिरवायचा. ऊन चढलं की बारा ते तीन वर जाळी ओढा. घाईने वाळलं तर पार्चमेंट तडकतं, आतली बी बाहेरून कोरडी आणि पोटात ओली राहते. असं ८ ते १२ दिवस चालतं. संध्याकाळी दव पडायच्या आत ढीग करून झाकायचं.

माझा सर्वांत मोठा तोटा इथेच झाला. तिसऱ्या हंगामात अवेळी पाऊस आला म्हणून अर्धवट वाळलेला माल प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली दोन रात्री तसाच दाबून ठेवला. तिसऱ्या दिवशी ताडपत्री उचलली तर आतून घामासारखं पाणी ओघळत होतं. दिसायला माल ठीक होता, वाळवून पोत्यांत भरलाही. कप केला तेव्हा पहिल्याच वासात ओल्या गोणीचा दर्प आला. त्या हंगामाचा चौथा हिस्सा पडत्या भावात गेला. तेव्हापासून खाली सुती चादर, वर ताडपत्री आणि दोन्ही बाजू हवेला उघड्या.

ओलावा १०.५ ते ११ टक्क्यांवर आला की थांबा. मीटर नसेल तर बी दातांखाली धरा. दात रुतला नाही आणि बी कडक राहिली, रंगही निळसर-हिरवा एकसारखा दिसला, की पोत्यांत भरा. महिना-दोन महिने पार्चमेंटमध्येच मुरू द्या, मग गिरणीत टरफल काढून चाळा. ५ ते ६ किलो फळांमागे १ किलो स्वच्छ बी मिळते. चाळणीवरून ठरणारी प्रत, म्हणजे प्लँटेशन ए, डबल ए वगैरे, फक्त दाण्याचा आकार सांगते, चव नाही. डबल एमध्येही कच्च्या फळाची बी असू शकते.

भाजणं

उंचावरची बी घट्ट असते, तिला सुरुवातीलाच भरपूर उष्णता लागते. घरी लोखंडी जाड कढईत एका वेळी २०० ग्रॅम घ्या, जास्त नको. कढई मध्यम आचेवर चांगली तापवा, बिया टाका आणि लाकडी उलथन्याने सतत हलवा. सतत म्हणजे फोन वाजला तरी.

चार-पाच मिनिटं गवताचा वास येतो. मग बिया पिवळ्या होतात आणि भाजलेल्या गव्हाचा, पुढे भाकरीचा वास सुटतो. इथून आच किंचित कमी करा, कारण आता दाणा आतून गरम झालेला असतो. साधारण दहाव्या-अकराव्या मिनिटाला लाह्या फुटल्यासारखी पहिली तडतड सुरू होते. तिथून दीड ते दोन मिनिटांत कढई रिकामी करायची. पहिली तडतड मंदावत आली की या जातीची गोडी सर्वांत चांगली असते. दुसरी तडतड बारीक, कोरड्या काटक्या मोडल्यासारखी येते. तिथवर गेलात तर मळा, उंची, सावली सगळं धुरात जातं आणि फक्त कडूपणा हाती लागतो.

दाणे लगेच सुपात ओता आणि पंख्यासमोर पाखडा. टरफलाची पापुद्री उडून जाते आणि तीन-चार मिनिटांत दाणे हाताला गार लागतात. गार करायला उशीर केला तर आतल्या उष्णतेने ते भाजतच राहतात. मग वजन करा. २०० ग्रॅमचे १७२ ते १७५ ग्रॅम राहिले तर रोस्ट हलका ते मध्यम आहे. दर वेळी वजन आणि वेळ वहीत लिहिली की चार-पाच खेपांत हात बसतो.

लहान ड्रम रोस्टर असेल तर २५० ग्रॅमला माझा सध्याचा क्रम असा: १९५ अंशांना बिया टाकते, पाचव्या मिनिटाच्या आसपास पिवळेपणा, नवव्याच्या आसपास पहिली तडतड, आणि त्यानंतर ८० ते ९० सेकंदांत बाहेर. कढईपेक्षा दाणे खूप एकसारखे भाजतात, म्हणून फिके दाणेही चटकन डोळ्यांत भरतात.

आता ते ताट. फिके दाणे निवडून काढा. वीस-पंचवीस ग्रॅममध्ये एक दाणाही कपात कळतो, म्हणून आळस करू नका. बाकीचे दाणे डब्यात भरून गाळायच्या कॉफीसाठी किमान पाच-सहा दिवस ठेवा. ताज्या दाण्यांतून वायू इतका निघतो की पाणी नीट मुरत नाही. दुसऱ्या आठवड्यात चव सर्वांत मोकळी असते, महिन्याभरात संपवा.

कप

पाण्यापासून सुरू करा. बोअरचं जड पाणी आंबटपणा खाऊन टाकतं, आरओचं पाणी कॉफी पोकळ करतं. दोन्ही असतील तर मिसळून बघा. आमच्याकडे एक भाग झऱ्याचं आणि एक भाग आरओचं पाणी जमतं.

कागदी गाळणीच्या शंकूसाठी १५ ग्रॅम कॉफी, २४० मिली पाणी, ९३ अंश. थर्मामीटर नसेल तर उकळी बंद करून मिनिटभर थांबा. दळण जाड रव्यासारखं. कागद आधी गरम पाण्याने धुऊन घ्या. ४० मिली पाणी ओतून ४० सेकंद फुगू द्या, मग सव्वा मिनिटापर्यंत १४० मिली, पावणेदोन मिनिटांपर्यंत २४० मिली. पावणेतीन ते तीन मिनिटांत गळून संपायला हवं. आंबट आणि पातळ लागली तर बारीक दळा, जीभ आखडली तर जाड.

पितळी किंवा स्टीलच्या दाक्षिणात्य फिल्टरमध्येही ही कॉफी सुंदर होते, आणि मला स्वतःला सकाळी तीच लागते. २० ग्रॅम, बारीक रव्याएवढं दळण, चिकोरी अजिबात नाही. वरची चकती हलकेच ठेवा, दाबू नका. १०० मिली उकळतं पाणी आधी थोडं आणि अर्ध्या मिनिटाने बाकीचं घाला. पंधरा मिनिटांत काढा तयार होतो. पहिल्यांदा त्यातला चमचाभर नुसता चाखा, मग दूध. यासाठी दाणे पहिल्या तडतडीनंतर अर्धा मिनिट जास्त भाजलेले चालतात.

दोन मळ्यांची तुलना करायची असेल तर गाळणी बाजूला ठेवा. प्रत्येक पेल्यात ८.२५ ग्रॅम जाड दळलेली कॉफी, वर ९३ अंशांचं १५० मिली पाणी. चार मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडून नाक जवळ न्या, फेस काढा, आणि दहाव्या मिनिटापासून सुरका मारत चाखा. गरम असताना गूळ आणि मसाल्याची पुसट छटा येते, कोमट झाल्यावर खारीक आणि संत्र्याच्या सालीचा वास. कप गार होईपर्यंत चाखत राहा. फिका दाणा गरम कपात लपतो. गार कपात जिभेच्या मागच्या बाजूला शेंगदाण्याच्या टरफलाचा कोरडेपणा आला, तर तो राहून गेला आहे.

विकत घेणार असाल तर नवा माल एप्रिलपासून येऊ लागतो. विक्रेत्याला फळ कोणत्या महिन्यात तोडलं, कितव्या फेरीचं, आणि बाकांवर किती दिवस वाळलं, एवढं विचारा. ज्याने स्वतः निवडणीला बसून माल केला आहे त्याला ही उत्तरं तोंडपाठ असतात. २५० ग्रॅम कच्च्या बिया आधी मागवा, भाजा, ताटात पसरा, फिके दाणे मोजा, आणि मगच पुढचे दोन किलो सांगा.